सातवी ‘ब’चा कूलर

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय महादेवराव, संस्थेच्या सचिव शोभाताई, माझे सहकारी शिक्षक, पालक, आणि पुढे सतरंजीवर बसून मघापासून एकमेकांना चिमटे काढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मागून खडखडाट येतो आहे, त्याबद्दल आधीच दिलगिरी. तो बंद करू नका, असं आपले जुने शिपाई शालिकराम यांना मीच सांगितलं आहे. का, ते सांगतोच.

चिन्मयीताईंनी आत्ता मानपत्र वाचलं. फार गोड वाचलं. त्यात एक वाक्य होतं, की या मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत शाळेला विद्यार्थी-प्रकल्पांची जिल्ह्याची ढाल मिळाली. अशा वेळी निवृत्त होणाऱ्या माणसानं मान खाली घालून हसायचं असतं. मला हसता आलं नाही.

बारा वर्षांपूर्वी आपल्याकडे विज्ञानाला दीपमालाबाई होत्या. त्यांनी सातवी ‘ब’ला कूलर करायला लावला. गव्हाच्या जुन्या कोठीचा पत्रा, मोडक्या पंख्याची पाती आणि पाणी धरायला वाळ्याची खस. पहिल्यांदा सुरू केला, तर पाणी थेट तिसऱ्या बाकावर! मी दारातच उभा होतो. म्हटलं, बाई, काय चुकलं ते सांगून टाका ना. त्या म्हणाल्या, “सर, मी सांगतलं तर तो माहा कूलर होईन. पोराइले शोधू द्या.”

चार दिवस पोरं शोधत होती. नळीची भोकं उलट्या बाजूला होती. रितिका नावाची मुलगी “बाई, सापडलं!” असं ओरडत पार माझ्या ऑफिसपर्यंत धावत आली होती. मार्चअखेरच्या उन्हात त्या वर्गात गार वारा सुटला.

आणि मी काय केलं? ढालीसाठी तपासणी समिती येणार होती. कूलर गंजका, त्यात हा असा आवाज. मी तो मागच्या खोलीत टाकायला लावला. बाजारातून थर्माकोलची तयार सौर वसाहत आणली आणि तिच्यावर पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रितिकाला उत्तरं पाठ करायला दिली. तिनं विचारलं, “सर, आमचा कूलर काहून लपवला? तो तर चालते ना.” मी म्हणालो, मोठ्यांना उलट विचारू नये. तिनं समितीपुढे सगळं घडाघडा म्हटलं. ढाल मिळाली.

संध्याकाळी बाई ऑफिसात आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “सर, पोरीले खोटं बोलनं आपन शिकवलं. अन् वरून शाबासकी देली.” एवढंच बोलल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुस्तकातून शिकवलं, चांगलंच शिकवलं. पण सातवीच्या वर्गातून हातोडीचा आवाज पुन्हा कधी आला नाही. आणि खरं सांगतो, मला ती शांत शाळा बरी वाटायची.

माफी मागायची होती. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर मागू, असं मनाशी ठरवलं होतं. म्हटलं, घाई काय आहे? मागच्या दिवाळीत बाई गेल्या.

गेल्या आठवड्यात आजचं निमंत्रण द्यायला जरीपटक्याला शालिकरामच्या घरी गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि घरात गारवा. कोपऱ्यात कूलर. मला ओळखायला वेळ लागला नाही. शालिकराम म्हणाले, “ढाल भेटल्यावर तुम्ही हा भंगारात द्या म्हटलं होतं, सर. माह्यानं नाही झालं. बाई दर मार्चात येऊन खस बदलून देत. यंदा मीच बदलली.”

तोच कूलर मागे खडखडतो आहे.

रितिका, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस. तुझी मी हात जोडून माफी मागतो, बाळा. शोभाताई, ती ढाल कपाटातून काढून टाका, आणि हा कूलर सातवी ‘ब’मध्ये ठेवा. बिघडला तर मेकॅनिक बोलावू नका, पोरांना उघडू द्या.

आपण सर्वांनी मला फार प्रेम दिलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची आपली रीत आहे. तुम्ही घालालही. ज्यांनी घालायला हवं होतं, त्यांना मात्र मी हे ऐकवलंच नाही.

नमस्कार.