हलू नका, पाळकसाहेब

हलू नका म्हटलं ना, पाळकसाहेब — एवढ्या मंडळीला तुम्ही दर रविवारी गप्प बसवता आणि स्वतःला एका स्टुलावर दोन मिनिटं धड उभं राहता येत नाही होय? समोर बघा. माझ्याकडे नको, त्या खिडकीकडे. तुम्ही वाकलात की झगा पुढून वर जातो, माझी खडूची रेघ चुकते, आणि मग रविवारी पुढून पोटऱ्या दिसतील अन् मागून फरशी झाडली जाईल. हां, असं. टोचलं? छे, टोचेल कसं, टाचण्या तर माझ्या तोंडात आहेत. येतं मला बोलता, सवय आहे. सासूबाई म्हणतात, हिच्या तोंडात टाचण्याच काय, अख्खं मशीन कोंबलं तरी ही बोलायची थांबायची नाही.

आधीचे पाळकसाहेब उंच होते हो. त्यांचा झगा तुमच्या अंगावर म्हणजे — राग मानू नका — तंबूच झाला. गेल्या रविवारी पायरी चढताना तुमचा पाय अडकला ना, तेव्हा सगळी मंडळी हसली. मी नाही हसले. म्हणजे, हसले, पण तोंडासमोर गीतांचं पुस्तक धरून. तेवढी रीतभात आहे मला. आणि तुम्ही तरी काय, धडपडलात ते धडपडलात, वर सावरून असे उभे राहिलात जणू पायरीच जागची हलली.

पण एक विचारू? झगा आखूड करायला तुम्ही तीन महिने थांबलात, तो नेमका आजच कसा आठवला? आणि आमच्या सासूबाई, ज्या भर दुपारी दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत, ऊन लागतं म्हणून ओरडतात, त्यांना नेमकी आत्ताच कशी भाजी आणायची आठवण झाली? हं? बघा, कान लाल झाले तुमचे. खोटं बोलायला शिकवत नाहीत वाटतं तुमच्या त्या पाळकांच्या शाळेत. त्यांनीच पाठवलं ना तुम्हाला? ‘पाळकसाहेब, तुम्हीच समजवा आता तिला, नातू दोन वर्षांचा झाला, अजून देवळात पुढे नेऊन प्रभूला त्याचं समर्पण नाही’ — असंच म्हणाल्या ना? हुबेहूब जमतो मला त्यांचा आवाज. राहू द्या, मान हलवू नका, कॉलर सरकते.

आहे तो तिथेच, मशीनखाली. रिकाम्या रिळांशी खेळतोय. बोका म्हणते मी त्याला. नाव आहे हो दुसरं, चांगलं चार माणसांत सांगण्यासारखं आहे, पण मी बोकाच म्हणते. आणि तो दिसतो की नाही तसा? डोकं मोठं, गाल सुटलेले, केस म्हणजे कुणी रागाच्या भरात कापल्यासारखे — मीच कापलेत. येतात मला नीट कापता, दुसऱ्यांच्या पोरांचे कापते की. याचे वाकडे कापते. का? — उगीच. हात खाली. बगलेत धरू नका कापड.

तर समर्पण. नाही, मला नको आहे असं नाही! असं कोण म्हणालं? सासूबाई? त्यांना काय, त्या म्हणतात मी टाळते. टाळत नाही मी. आधी तो लहान होता, सर्दी होती. मग पाऊस होता. मग दात येत होते — दात येत असताना लेकराला कुणी देवळात पुढे नेतं का, किंचाळून छप्पर खाली आणतं. मग मी म्हटलं, आपण आपल्या मनाने काही करायचं नाही, प्रभूलाच विचारायचं. तुम्हीच सांगता ना, पावलोपावली त्याचं मार्गदर्शन घ्या? घेतलं मी. मी म्हटलं, प्रभू, मी याच्यासाठी पांढरा सदरा शिवते. ज्या दिवशी तो सदरा त्याला कुठेही न दाटता, कुठेही न लोंबता बसेल, तो रविवार तुझा. ती तुझी खूण. बरोबर आहे ना? खूण मागितलेली चालते ना? मागितली आहे की पूर्वीच्या लोकांनी.

तर सदरा शिवला. बगलेत दाटला. उसवला, सैल केला — गळा ओघळला. गळा आवळला, तर तोवर हा इतका वाढला की बटणं लागेनात. नवीन कापड आणलं. बाही आखूड झाली. हे म्हणतात — बोक्याचे बाबा हो — हे म्हणतात, अगं, तू अख्ख्या गल्लीचे कपडे शिवतेस, एकाची तक्रार नाही, आणि दोन वितीच्या पोराचा सदरा तुला जमत नाही? मी म्हटलं, मी काय करू, प्रभूचीच इच्छा दिसत नाही. साधे आहेत हे, लगेच पटलं त्यांना. सासूबाई काय पटवून घेतात! त्या दिवशी मी इथे बसून चांगली जमलेली शिवण उसवत होते — नाही, जमलेली म्हणजे — बरी होती — तर दारात उभ्या. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. म्हणाल्या, ‘सूनबाई, खूण त्याच्याकडे मागायची आणि कात्री आपल्या हातात ठेवायची, ही कुठली गं रीत?’

हसा, हसा. पण हसताना पोट हलवू नका.

बरं, एवढ्यावर थांबतील तर त्या सासूबाई कसल्या. म्हणाल्या, ‘आणि मी तुझी प्रार्थना ऐकते रोज, भिंत पातळ आहे. माझे गुडघे, तुझ्या नवऱ्याची नोकरी, दूधवाल्याची सायकल चोरीला गेली तीसुद्धा सांगतेस प्रभूला. पोराचं नाव का येत नाही तोंडात?’ मी म्हटलं, येतं की. म्हणाल्या, ‘काय येतं? परवा म्हणालीस, प्रभू, एक मुलगाही आहे घरात, ठीकच आहे, विशेष काही नाही. अशी ओळख करून देतात होय पोराची?’

काय सांगणार मी त्यांना. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही स्टुलावर आहात आणि खाली टाचण्या आहेत, पळता येणार नाही. — आमच्याकडे समोरच्या बाई आहेत, हौशी आहेत हो, मनाने वाईट नाहीत. पण कुणाच्याही दारात गेल्या की बोलता बोलता कुंडीतलं चांगलं उमललेलं फूल टचकन तोडून केसांत खोवतात. विचारायचं नाही, सांगायचं नाही. त्यामुळे त्या येताना दिसल्या की मी चांगली कुंडी आत घेते आणि सुकलेली बाहेर ठेवते. तुम्हीही ठेवाल. तर तसंच — म्हणजे अगदी तसंच नाही — पण काहीसं तसंच माझं प्रभूशी चाललंय. आता कळलं का केस वाकडे का? रविवारी मी त्याला मुद्दाम विटका शर्ट घालते. कडेच्या बाकावर बसते, दाराजवळ. कुणी म्हणालं, किती गोड आहे हो, की मी मोठ्याने म्हणते, कसला गोड, रडका आहे. मोठ्याने, म्हणजे वरपर्यंत ऐकू जावं म्हणून.

वेडी म्हणाल. म्हणा. पण माझ्या जागी — थांबा, मागून घेऊ द्या. मागून कळत नाही तुमचा चेहरा, ते बरं आहे.

माझा भाऊ होता एक. धाकटा. मी सातवीत, तो तीन वर्षांचा. मीच सांभाळायची त्याला, कडेवर असायचा सदा, माझी कंबर एका बाजूने अजून वाकडी आहे बघा, झगा मोजायला वाकले की कळतं. दिसायला असा होता की वाटेवरचे लोक थांबायचे. ताप आला, आणि गेला — म्हणजे ताप नाही गेला. तर त्याला पुरून आलो तेव्हा आमची आत्या मला जवळ घेऊन म्हणाली, रडू नको, देवाच्या बागेत एक फूल कमी होतं, आपल्याकडचं त्याला आवडलं, म्हणून त्याने तोडून नेलं. चांगल्या मनाने म्हणाली हो ती, तिला तरी दुसरं काय सुचणार. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आई आत पडून होती, ती पुढे वर्षभर उठलीच नाही धड, माझी शाळा सुटली ती तेव्हाच. पण मी तिथे उभी राहून एकच गोष्ट शिकले बघा, सात इयत्तांत नाही शिकले इतकी पक्की. की त्याला जे आवडतं ते तो नेतो. म्हणजे आपलं जे असेल ते त्याला फार दाखवायचं नाही.

आणि मग तुम्ही म्हणता, लेकराला घेऊन पुढे या. सगळ्यांसमोर. न्हाऊमाखू घालून, पांढरे कपडे घालून. आणि तोंडाने म्हणा, प्रभू, हा तुझा. — अहो, मी कुंडी आत ओढतेय, तुम्ही म्हणता ती उचलून हातात द्या!

नाही, तुम्ही बोलू नका. बोललात की छाती फुगते, मापं बदलतात. आणि मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार, कारण ते तुम्ही म्हणून बसलाय. गेल्या रविवारी. पायरीवर धडपडलात त्याच रविवारी. मित्राच्या कबरीवर प्रभू गेला ती गोष्ट. बहिणी रडत होत्या, गाव रडत होतं, आणि तोही रडला, असं वाचलंत तुम्ही. मी लहानपणापासून ऐकलंय ते, शंभरदा. पण त्या दिवशी मी अशी ताठ बसले. रडला? तो का रडला? फूल ज्याने तोडून खिशात घातलं, तो कुंडीपाशी उभा राहून रडेल का हो? समोरच्या बाई रडतात का कधी? आणि तुम्ही — इतका राग आला मला तुमचा — तुम्ही सरळ पुढे गेलात! धोंड बाजूला केली, मेलेला बाहेर आला, आमेन. मला वाटलं उठून ओरडावं, अहो थांबा, मागे जा, ते रडण्याचं परत वाचा! तुम्हाला मोठ्या चमत्काराची घाई, आणि मी तिथेच, कबरीच्या बाहेर.

घरी आल्यावर भांडी घासताना तेच डोक्यात. माझा भाऊ गेला त्या दिवशी तो कुठे होता? नेणाऱ्यांत, की रडणाऱ्यांत? इतकी वर्षं मी त्याला नेणाऱ्यांत उभा केला. — मग भावाला नेलं कुणी? ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही. मागून उभी असले तरी कळतंय, तुमचे खांदे पडले. पडू द्या. सांगितलं नाहीत काही, ते बरं केलंत. आत्याने सांगितलं ते पुरे झालं.

पण म्हणून काय एका दिवसात भीती जाते? काल पुन्हा सदरा काढला. बसला हो. अगदी बसला, खांद्यावर, गळ्याला, सगळीकडे. आणि मी काय केलं सांगू — काढला अंगातून आणि गरम पाण्यात बुडवला. आटला. आता बोला. — नाही, बोलू नका.

पुढून शेवटची एक टाचणी. गुडघ्यावर बसते, तुमचा घेर माझ्या गुडघ्याखाली येतोय, ओढू नका. झालंच — अरे! बोक्या! सोड! सोड ते, टाचण्या आहेत रे — तोंडात घालेल तो — पाळकसाहेब, उचला त्याला! बघताय काय, उचला! मला उठता येत नाही, कापड फाटेल — वर घ्या, अजून वर, हात धरा त्याचे, दोन्ही —

हं.

मूठ उघडून बघा. रिकामी? दुसरी? तोंडात बोट घाला. चावू द्या हो, चावला तर मरत नाही तुम्ही. काही नाही ना? नक्की? — हुश्श.

द्या. नाही — थांबा. तसेच राहा जरा.

हे काय हो झालं. तुम्ही झग्यात, हा तुमच्या हातावर, आणि मी खाली, गुडघ्यांवर. हेच बघायला नको म्हणून तर एवढं सगळं — आणि मीच ओरडले, उचला म्हणून. स्वतःच्या तोंडाने. रडतही नाही बघा, लबाड. कान ओढतोय तुमचा. ओढू द्या. तुमचे डोळे मिटायला लागलेत, मला दिसतंय — प्रार्थना नाही हं आत्ता, डोळे उघडे ठेवा, हातात पोर आहे.

उन्हाकडे वळवा त्याला थोडं.

किती सुंदर आहे हो तो.

…मोठ्याने म्हटलं मी ते? — म्हटलं. ऐकू गेलं असेल मग. — जाऊ दे. जाऊ दे, सुंदरच आहे. प्रभू, सुंदर आहे तो, सगळ्यांत सुंदर, दोन वर्षं मी लपवतेय तुझ्यापासून. तू बघतच होतास ना रे?

द्या इकडे आता. — दिलात? लगेच? बरं.

रविवारी पुढच्या बाकावर तीन माणसांची जागा धरा. चार, सासूबाई मागे कशाला बसतील. झगा काढा हळूच, डोक्यावरून, आणि ठेवा तिथे मशीनवर. चहा नाही मिळायचा, सांगून ठेवते. उतरा. जा आता, जा म्हटलं ना, पाळकसाहेब — मला याच्याकडे जरा बघत बसायचंय.