शमुवेल सरांच्या खिशातली चिठ्ठी

"या ग्राउंडवरून तुला कुणी हाकलणार नाही."

हे वाक्य माझ्या पप्पांचं. बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वीचं. ते मला म्हटलेलं नव्हतं. माझ्याच वर्गातली रूथ पाटोळे तारेच्या कुंपणापाशी उभी होती. पायात थोरल्या भावाचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेले. आत मोठी मुलं हसत होती. "सर, आता पोरी पण घेता का?" पप्पांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रूथला म्हणाले, "उद्या सहाला ये. सहा म्हणजे सहा. आणि या ग्राउंडवरून तुला कुणी हाकलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. साडेसहाला. मला परत पाठवलं. रूथ पावणेसहालाच येऊन बसली होती.

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, क्लबच्या खेळाडूंनो, बायांनो, भावांनो. नमस्कार न करता मी एकदम सुरुवात केली, माफ करा. हे वाक्य आधी बोलले नसते तर नंतर बोलण्याचा धीर झाला नसता. मी लिहिणारी बाई आहे. कागदावर चुकलं तर खोडता येतं. इथे उभं राहून बोललेलं खोडता येत नाही. आणि समोर पप्पांचा फोटो. त्यांना हार आवडत नसत. फोटोतही कुणीतरी हार घालून अवघडून बसवल्यासारखे दिसतात.

तुम्ही एवढ्या लांबून आलात. काष्टीहून, मिरजगावहून. दफनाच्या दिवशीही होतात. पेटीला खांदा द्यायला इतके हात होते की आमच्या घरच्यांना जागा मिळेना. त्याबद्दल काय बोलू? काही बोलत नाही.

माझ्या आधी चौघे बोलले. चौघांनीही एक गोष्ट सांगितली. शमुवेल सर शेवटच्या रविवारपर्यंत टीम निवडत होते. शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढायचे, लिंबाच्या झाडाखाली उभे राहून अकरा नावं वाचायचे, गोलकीपरचं नाव सगळ्यात शेवटी. ज्याचं नाव येईल त्यानं पुढे यायचं आणि पत्र्याच्या पेटीतून आपली जर्सी घ्यायची. जिल्ह्यातला एवढा मोठा फुटबॉल क्लब, पण आपल्याकडे यादी कधी भिंतीवर लागली नाही. मॅनेजरनं वाचायची, सगळ्यांनी ऐकायची. तेवढीच रीत.

अध्यक्ष बापूसाहेब तर म्हणाले, "सरांसारखी नजर असलेला माणूस आता मिळणं अवघड. तरी आम्ही शोधलाय."

बापूसाहेब, मला एक सांगायचं आहे. तुम्हाला ते माहीत आहे. पण इथे बसलेल्या सगळ्यांना नाही.

शेवटची तीन वर्षं ती चिठ्ठी पप्पा लिहीत नव्हते.

त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. आधी चष्मा विसरायचे, मग घराचा रस्ता. मग एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त रूथला सांगितलं. ती तेव्हा त्यांची मदतनीस होती. म्हणजे आपल्या कागदोपत्री मदतनीस. जर्सी धुणारी, पाण्याच्या बाटल्या भरणारी, पोरांचे गुडघे बांधणारी.

मी तिला म्हटलं, "रूथ, कुणाला कळू देऊ नकोस. ग्राउंड सुटलं तर पप्पा आठ दिवस टिकायचे नाहीत."

ती म्हणाली, "नाही कळू देणार."

दर शनिवारी संध्याकाळी रूथ आमच्या स्वयंपाकघरात यायची. पप्पांसमोर बसायची. मी चहा टाकायची. ती विचारायची, "सर, डाव्या बाजूला कोण घ्यायचा?" पप्पा भिंतीकडे बघायचे. कधी म्हणायचे, "पाऊस आहे का?" ती म्हणायची, "नाही सर. बरं, मग डाव्या बाजूला याला घेऊ का? मागच्या वेळी दमला होता, पण आता बरा आहे." पप्पा मान हलवायचे. मग ती लिहायची. एकेका नावासाठी विचारायची. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही विचारायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, लिहून टाक की सरळ." ती म्हणाली, "विचारल्याशिवाय कसं लिहू? टीम सरांची आहे."

तिनं पप्पांचं अक्षर गिरवलं होतं. मग पप्पांना ते वाचता येईना, तेव्हा पाटीवर काढतात तशी मोठी अक्षरं काढायला लागली. रविवारी सकाळी चिठ्ठी मी त्यांच्या खिशात ठेवायची. ग्राउंडवर पप्पा उभे राहायचे, काढायचे, वाचायचे. आवाज तोच. तुम्ही सगळे म्हणायचात, सरांचा आवाज अजून कसा खणखणीत आहे.

आवाज खणखणीत होता.

मग तो रविवार आला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पप्पांनी दहा नावं वाचली. थांबले. चिठ्ठी बाजूला केली आणि म्हणाले, "गोलकीपर, विल्सन."

आपला जुना गोलकीपर विल्सनदादा जाऊन वीस वर्षं झाली. त्याला आपण सगळ्यांनीच माती दिली.

रूथच्या हातात किपरची जर्सी तशीच. आता सगळं उघडं पडणार. कुणीतरी हसणार. कुणीतरी म्हणणार, अहो सर, विल्सन कुठला?

आणि आपला नामदेव पुढे आला. मिरजगावचा नामदेव, टेम्पो चालवतो तो, चिठ्ठीत अकरावं नाव त्याचंच होतं. हा इथे तिसऱ्या रांगेत बसलाय, खाली बघतोय. पुढे आला आणि म्हणाला, "हजर, सर." जर्सी घेतली, घातली, गोलपोस्टकडे चालायला लागला. पूर्ण सीझन तो विल्सन होता. "विल्सन, पुढे ये." "आलो, सर." "विल्सन, झोपतोस काय!" "न्हाई, सर."

मी नंतर त्याचे आभार मानायला गेले. चाचरत त्याला म्हणायला लागले की सरांची तब्येत जरा... तर म्हणाला, "ताई, तुमाला काय वाटलं, आमाला कळत न्हवतं व्हय? रूथताई शनवारी तुमच्याकडं येत्यात आनि रविवारी सर वाचत्यात. समद्यांना म्हाईत हाय. पन सर हाक मारत्यात ना? कुनाच्याबी नावानं मारू द्या."

मी म्हटलं, "आणि टीम? टीम बरोबर लागते का?"

तो हसला. "ताई, लई बरोबर. सर मला पावसात कायम खेळवायचे. रूथताई न्हाई खेळवत. माझा गुडगा तिला म्हाईत हाय."

म्हणजे खेळाडूंना माहीत होतं. अख्ख्या टीमला. तीन वर्षं एकानंही तोंड उघडलं नाही. पप्पांसाठी. आणि मी मनातल्या मनात खूश होते. माझ्या वडिलांची अब्रू राखली गेली. ती राखताना मी कुणाचं काय पुसून टाकते आहे, हे मला त्या तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही. मी माणसांच्या मनातलं लिहिते, असं लोक म्हणतात. माझ्या ओट्याशी बसलेल्या बाईच्या मनातलं मी विचारलंसुद्धा नाही.

एकदाच, दुपारची वेळ होती, पप्पा बऱ्यापैकी शुद्धीत होते. रूथ जर्सीला बटण लावत होती. पप्पा तिच्याकडे बघून म्हणाले, "टीम चांगली निवडतेस." एवढंच. तिनं सुई जर्सीत टोचून ठेवली. मग म्हणाली, "तुम्हीच निवडता, सर." त्यावर पप्पा म्हणाले, "वेडी आहेस."

हे मी एकटीनं ऐकलं. याला साक्षीदार नाही. मी मुलगी आणि ती मैत्रीण. आम्हा दोघींचं खरं कोण धरणार?

आता आपल्या क्लबची जुनी रीत. मॅनेजर गेला की शोकसभेतच पुढच्याचं नाव सांगायचं. दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि मग नव्या माणसाच्या हातात शिट्टी द्यायची. मॅनेजरचा बाक रिकामा ठेवायचा नाही. पप्पांनाही शिट्टी अशीच मिळाली. मी तिसरीत होते, आईच्या शेजारी उभी होते. पप्पा रडत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला काही कळलं नव्हतं.

आजही शिट्टी इथे टेबलावर आहे. मीच आणली. परवा कमिटीतून फोन आला, "ताई, शिट्टी घेऊन या बरं का, विसरू नका." दोरी रूथनं बदलली आहे. जुनी कुजली होती.

मी चार दिवसांपूर्वी बापूसाहेबांच्या घरी गेले होते. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या माझ्याजवळ, रबर लावून. एकही फेकली नव्हती. बापूसाहेबांनी चहा दिला. चिठ्ठ्या समोर ठेवल्या तर त्यांनी हातही लावला नाही.

म्हणाले, "ताई, मला म्हाईत न्हाई असं वाटतं का तुमाला?"

मला वाटलं होतं, मी त्यांना काहीतरी सांगायला आले आहे.

"मग रूथला करा की मॅनेजर," मी म्हटलं.

"ताई, क्लब आता मोठा झालाय. पुन्याची टीम येती, कोल्लापूरची येती. बाई बाकावर दिसली तर समोरचे हसतील."

"तीन वर्षं हसले का?"

"तीन वर्षं सर शेजारी बसले हुते ना."

"सरांना आपण कुठे बसलोय हेही माहीत नव्हतं, बापूसाहेब."

"ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. बघनाऱ्याला सर दिसत हुते." मग म्हणाले, "आनि आमी रूथबाईंना काडतोय कुठं? राहू द्या की मदतीला. नव्या सरांना पन लागंलच ना कुनीतरी."

मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. पप्पांच्या आजारात बापूसाहेब रोज येऊन त्यांचे पाय दाबत बसायचे. त्या दिवशीही मला दारापर्यंत सोडायला आले आणि डोळे पुसले. माहीत नसलेल्या माणसाला सांगता येतं. माहीत असलेल्याला काय सांगायचं? मी चिठ्ठ्या उचलल्या आणि घरी आले.

नवे सर इथे आहेत, दुसऱ्या रांगेत. पुण्याहून आलेत. रीतसर शिकलेले आहेत, मोठ्या मैदानांवर काम केलेलं आहे. सर, तुमचा यात काहीच दोष नाही. तुम्हाला बोलावलं, तुम्ही आलात. तुम्ही चांगलेच असाल. माझ्या बोलण्यानं तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल, मला क्षमा करा.

आणि रूथ मागे दाराशी उभी आहे. तिला मी काल ही बातमी सांगितली. मला वाटलं रडेल, चिडेल, मला चार शब्द सुनावेल. त्याचा तिला हक्क होता. ती म्हणाली, "बरं. जर्सी धुवून ठेवल्यात. नव्या सरांना सांग, पेटीचं कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं, नाहीतर किल्ली अडकते."

मी म्हटलं, "रूथ, मी उद्या सगळं सांगणार आहे."

"अजिबात नाही. सरांच्या शोकसभेत सरांचं असलं काढतात का? मी शब्द दिला होता."

"शब्द मी घेतला होता तुझ्याकडून. पप्पांनी नाही."

"मला दोन्ही एकच," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

तर रूथ, मी तुझा शब्द मोडला. पप्पांची अब्रू म्हणून मी जे झाकलं ते त्यांच्याच फोटोसमोर उघडं केलं. मला वाटतं, त्यांना चाललं असतं. पण ते मला वाटतं. त्यांना विचारायची वेळ मी केव्हाच घालवली आहे.

आणि पप्पा, तुमचं ते वाक्य. ग्राउंडवरून तिला कुणी हाकललं नाही, हे खरं. तिला कुणी हाकलणारही नाही. जर्सी धुवायला, बाटल्या भरायला ती उद्याही असेल. पावणेसहाला. तुम्ही जे म्हणालात ते अक्षरशः खरं ठरलं. मी ते बारा वर्षांची असताना ऐकलं तेव्हा मला त्यात जास्त काहीतरी ऐकू आलं होतं. रूथलाही आलं असेल. चिंध्या कोंबलेले बूट घालून कुणी उगाच पावणेसहाला येत नाही.

माझं संपत आलं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. एक मागते. ही दोन मिनिटं झाली की आज कुणी काही जाहीर करू नका. शिट्टी इथेच टेबलावर राहू द्या. येत्या रविवारी सामना आहे. चिठ्ठी रूथनं लिहिलेली आहे, शनिवारची वाट न बघता, कारण आता विचारायला कुणी नाही. ती माझ्या पर्समध्ये आहे. ती चिठ्ठी लिंबाखाली रूथला वाचू द्या. तिच्या आवाजात. गोलकीपर शेवटी. त्याच्या पुढच्या रविवारपासून नवे सर वाचतील, मी स्वतः त्यांच्या हातात शिट्टी देईन.

बापूसाहेब, तुम्ही घड्याळाकडे बघताय. सेक्रेटरींनी कागद खिशातून काढून मांडीवर ठेवलाय, तोही मला दिसतोय. आणि मागे दाराशी रूथ मान हलवतेय, नको, नको म्हणून. म्हणजे जिच्यासाठी मागते तिलाही नको आहे, आणि ज्यांच्याकडे मागते ते देणार नाहीत.

तरी मागते. उभे राहा, पप्पांसाठी. आणि रूथला एक रविवार द्या.