खुब्याची वाटी

जबलपूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांनी बायकोचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता.

"सत्यभामा, हा पाह्य, मांडीच्या हाडाचा गोळा. अन् ही खुब्याची वाटी. काय फिटिंग आहे!"

"तेच तर दुखून राहिलं."

"आमच्या रांझीच्या कारखान्यात असं काम कोणाच्याच हातून झालं नाही."

"डॉक्टर तर घासलं म्हणून राहिले."

"अवं, पासष्ट वर्षं चाललं! तीन मजले पाणी चढवलं, चार लेकरं कडेवर वागवली. मी जिंदगीभर मशिनीचे बेअरिंग बदलले, एकही इतकं टिकलं नाही. कमाल आहे!"

"कमाल तर आहेच. पण त्या बेअरिंगले तुम्ही रोज तेल देत होते."