घुबडासमोर तोंड उघडायचं नाही

…आणि वर मलाच विचारते, "अहो, शिंकलात कशाला?" आता शिंक काय परवानगी काढून येते? तुम्हाला सांगतो, अख्ख्या ताइचुंगच्या सकाळच्या बाजारात माझ्याएवढा मोठा आवाज दुसऱ्याचा नाही, आणि असा हा पेरूवाला स्वतःच्या घरात शिरतो कसा, तर सपाता हातात घेऊन, चवड्यांवर, चोरासारखा! का? तर आमची बायको, यूचेन, रानातली जखमी, पोरकी पाखरं सांभाळते, आणि माणसाचा आवाज त्यांच्या कानावर पडता कामा नये!

यंदाचं पाखरू म्हणजे घुबडाचं पिल्लू. वादळात घरट्यातून पडलेलं. कापसाच्या बोळ्याला डोळे चिकटवावेत तसं. त्याला माणसाचा लळा लागला की ते रानात जगत नाही, माणसांमागे येतं आणि कुत्र्याच्या तोंडी जातं. हे मला पटतं हो, मी काय दगड आहे? पण लळा लागलेल्याचं करायचं काय? तर ते ठेवून घ्यायचं आणि पुढच्या पोरक्या पिल्लांची दाई करायचं. कुठे? आमच्याकडे! म्हणजे बघा, हे उडालं तर मी सुटलो, नाही उडालं तर जिल्ह्यातली सगळी पिल्लं माझ्या झोपायच्या खोलीत, आणि मी मरेपर्यंत मुका!

बरं, खाऊ घालायची पद्धत ऐका. अंगावर पानापानांची झूल, डोक्यावर टोपडं, तोंडासमोर जाळी, हातात घुबडाचं बाहुलं आणि त्या बाहुल्याच्या चोचीत उंदराचा तुकडा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आमच्या न्हाणीघरातून झुडूप चालत आलं. ओरडणार होतो… पण ओरडतो कसा? माणसाचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये!

आणि ही मंडळी! ह्यांची संघटना आहे. पाखरांशी इतकी हळुवार, की पंखाखाली फुंकर घालतील, पण माणसं म्हटलं की नुसती डंख मारतात. परवा एका बिचारीचा फोन आला, "ताई, बागेत पिल्लू सापडलं, उचलून आणलंय." झालं! यूचेन गॅलरीत गेली, दार लावलं आणि सुरू: "सापडलं? तुमचं पोर अंगणात खेळत असलं आणि मी उचलून नेलं तर चालेल?" इतकं सलग बोलताना मी तिला कितीतरी दिवसांनी ऐकलं. मत्सर वाटला हो मला त्या फोनवालीचा! आणि ती ओउयांगबाई… एकदा पिल्लासमोर चुकून म्हणाली, "अगं बाई, किती गोड!" तर वर्षभर संघटनेत तिला कोणी उंदीर दिला नाही. वाळीतच टाकलं! हे सगळं ठरवणार कोण? फान सर. फान सर म्हणतील ते खरं. उंदराचं शेपूट कापावं की तसंच द्यावं, ह्यावर त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं सोडलंय. म्हणजे त्यांना मुळात सोडायला बोलणं होतं, एवढंच काय ते नवल.

तर आला सोडायचा दिवस. भूमिदेवाच्या देवळामागचं रान, दिवेलागण. मी गाडी हाकत नेली आणि मला सांगितलं काय? गाडीतच बसा, काच वर! आणि पिल्लाला शेवटच्या क्षणीसुद्धा माणूस दिसू नये म्हणून सगळी संघटना झुली घालून, टोपडी चढवून, जाळ्या सोडून, ओळीने उभी. यूचेनने खोकं उघडलं. घुबड बाहेर आलं. त्याने रानाकडे पाहिलं… मग ह्यांच्याकडे पाहिलं…

अहो, त्याच्या दृष्टीने ह्या सगळ्या आयाच की! जन्मल्यापासून ज्या झुलीतून घास आला, तशा झुलींची रांग! ते उडालं ते थेट फान सरांच्या टोपड्यावर, आणि चोच वासून बसलं, वाढा म्हणून! तिथून ओउयांगबाईंच्या डोक्यावर. तिथून पुन्हा सरांवर. आणि ही शहाणी मंडळी? टोपडं काढावं, तर माणूस दिसेल. हाकलावं, तर माणूस ऐकू येईल. नुसते हातवारे! माणसांचा लळा लागू नये म्हणून एवढा जीव काढला, आणि पोराला लळा लागला तो ह्यांच्या कपड्यांचा!

शेवटी फान सरांनी हाताने खूण केली… परत खोक्यात. घरी न्या. संपलं. जाळीमागे यूचेनचे खांदे हलायला लागले. रडत होती हो, आवाज न करता. त्यातसुद्धा नियम!

माझं डोकंच फिरलं. दार ढकललं, बनियनवर, उघड्या तोंडाने त्या घुबडासमोर उभा राहिलो आणि कित्येक महिन्यांचं तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं, "अरे ए! ही तुझी आई नाही! ते सगळे वेडे आहेत वेडे! नीघ! पळ! जा तिकडे!"

असं गेलं… असं गेलं की वळून बघितलं नाही. नंतर यूचेन त्या रानात जाऊन पाहून आली. स्वतः धरलेली पाल खात बसलं होतं.

पण त्या संध्याकाळी मला वाटलं, आता आभार मानतील. फान सरांनी जाळी वर केली, तेव्हा कुठे कळलं की ह्या माणसाला मिशा आहेत, आणि मला विचारतात, "पेरूवाले, असं तुम्ही घरात रोज ओरडता?"

"ओरडू कोण देतंय?"

"उत्तम! कधीच ओरडू नका. पिल्लांना ह्या आवाजाची सवय झाली तर घाबरणार नाहीत. हा आवाज फक्त सोडायच्या दिवशी!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. यूचेनने सगळ्यांत जोरात.

परवा दोन नवी पिल्लं आली आहेत… घ्या, चांगले गोड पेरू आहेत. नाही घेतले तरी चालेल हो, पण जरा वेळ उभे राहून बोला माझ्याशी.