प्रकाशले भेटलेली शाल

प्रकाशचं नाव काढू नका माह्यासमोर! घाटंजीले आम्ही एकाच शाळेत शिकवतो. यवतमाळच्या परिषदेत दोघंही पेपर वाचाले गेलतो. विषय होता, लेकराच्या डोक्यावर एका वेळी किती भार टाकावा.

पहिले मी बोललो. पडद्यावर तक्त्यांवर तक्ते दाखवले. लोकं जांभया देऊन राह्यले होते. मंग प्रकाशनं एकच चित्र दाखवलं अन् साधं बोलला. टाळ्याच टाळ्या! चांगल्या पेपरची शालही त्यालेच भेटली.

चहाच्या वेळी विचारलं, "एवढं थोडक्यात कसं सुचलं बे तुले?"

"तुह्या वेळेले लोकं झोपताना पाह्यले, म्हणून माहे तक्ते तिथंच काढून टाकले."

"मंग अर्धी शाल इकडे दे!"

तो हासला. मी नाही हासलो.