प्रेसवरचं लाल कुलूप

सगीराच्या घरातली पत्र्याची पेटी काल सकाळी उघडीच दिसली, तिचं लाल कुलूप गायब. किल्ली मात्र तिच्या पर्समध्ये होती. आज गारखेड्याच्या थांब्यावर बस अजून आली नव्हती आणि रांगेत तिच्यामागं कंपनीचे दोन कामगार बोलत होते.

"केशवभाऊ, काल मी मेलोच होतो."

"मेला असतास तर माझ्या शिव्या वाचल्या असत्या, सुयश. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये शिरायच्या आधी स्विचला आपलं कुलूप लावायचं, म्हंजी कुणाला मशीन चालू करता येत नाय. तुझं कुठं होतं?"

"पिशवीत राहिलं. दोन मिनिटांचं काम होतं हो."

"साहेब मशीन चालू करायला निघाले होते. बघतात तर स्विचला एक लाल कुलूप. ज्याचं त्यानंच काढायचं, म्हणून आत कोण हाय ते बघायला लावलं. तर तू आत वाकलेला."

"मग ते कुणाचं होतं?"

"ज्याच्या त्याच्या कुलपावर त्याचा फोटो असतो. त्याच्यावर याह्याचा हाय."

"आपला याह्या? त्याला जाऊन सहा महिने झाले की!"

"व्हय. त्याच प्रेसमध्ये."

"आता कुठाय ते कुलूप?"

"अजून तिथंच लटकतंय. किल्ली कुणापाशीच नाय. आज कटरनं तोडणार हायेत."

सगीरा मागं वळली.

"तोडू नका, भाऊ. मी याह्याची घरवाली. किल्ली माझ्यापाशी आहे."

याह्या शेवटचा कामावर गेला त्या सकाळी, पेटीला कुलूप नाही म्हणून, ते लाल कुलूप तिनंच त्याच्या पिशवीतून काढून घेतलं होतं.