फक्त हजर राहणारा वकील

मेकॅनिक : पण वकीलकाका, दार मी लावलंच नाही! आत माझा सख्खा मामा होता. गुदमरून गेला तो. त्याच्यावर मी दार लावेन?

वकील : ऐकलं गं. तिसऱ्यांदा ऐकलं.

सुरक्षा अधिकारी : सही करून टाक, म्हणजे आपण तिघंही सुटू. उद्या पृथ्वीवरून चौकशीवाले स्थानकावर येतायत, त्याआधी जबाब तयार हवा. ‘हवा गळायला लागली, घाबरून मी गोदामाचं दार लावलं.’ एवढंच तर आहे.

मेकॅनिक : हवा गळलीच नव्हती! तुमच्या कंट्रोल रूममधून दार लावलंत आणि आतली हवा काढून घेतलीत. मामानं एक खोकं उघडून बघितलं ना, म्हणून! रेडिओवर सांगत होता मला, ‘अगं, ही खनिजं कसली, बॉम्ब आहेत,’ आणि मध्येच आवाज गेला.

सुरक्षा अधिकारी : रेडिओ बिघडला होता.

मेकॅनिक : इथले रेडिओ मीच दुरुस्त करते, साहेब! काका, तुम्ही तरी बोला ना काहीतरी. माझे वकील आहात ना?

वकील : मला बोलायला नाही आणत, पोरी. जबाब घेताना खोलीत वकील हवा, असा कायदा आहे. अख्ख्या स्थानकावर वकील मी एकटा. म्हणून आणून बसवतात, आणि खाली लिहितात, ‘वकील हजर होते.’

मेकॅनिक : मग तुमच्याऐवजी कुंडी ठेवायची की!

वकील : कुंडीला निदान पाणी तरी घालतात.

सुरक्षा अधिकारी : झाले विनोद? सही कर, नाहीतर उद्याच्या यानातली, पृथ्वीवर परतायची तुझ्या मामीची जागा गेली. बसेल मग दोन लेकरांना घेऊन इथेच.

मेकॅनिक : ...कुठे करायची सही?

वकील : थांब. साहेब, मी निघतो.

(वकील खुर्ची मागे सारून उठतात.)

सुरक्षा अधिकारी : निघतो म्हणजे? कुठे?

वकील : खोलीवर. जरा आडवा होतो. फार दमलोय हो.

सुरक्षा अधिकारी : आत्ता? अहो, तुम्ही गेलात तर जबाब कसा होणार?

वकील : नाही होणार.

सुरक्षा अधिकारी : वकीलसाहेब, गुपचूप खाली बसा. अटक करीन.

वकील : करा ना. मग माझाही जबाब घ्यावा लागेल, त्यालाही वकील लागेल. शोधा एखादा.

सुरक्षा अधिकारी : चौकशीवाले कायमचे राहणार नाहीत इथे. ते गेल्यावर तुमचं काय होईल, कळतंय का?

वकील : कळतंय की. इतकी वर्षं तेच कळत होतं, म्हणून तर बसत होतो.

मेकॅनिक : काका, पण मामीची जागा?

वकील : यान चौकशीवाल्यांचं आहे, यांच्या बापाचं नाही. त्यांनाच विचारू.

मेकॅनिक : आणि तोवर मी काय करू?

वकील : झोप काढ. उद्या तुला खूप बोलायचंय.